घरातल्या मोडी कागदाचे संपादन कसे करावे

कोकणातल्या पुष्कळ जुन्या घरांत माळ्यावर, पेटाऱ्यात किंवा फडताळात मोडी कागदांची बासने, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, अजून आहेत. घर उतरवायला काढले, वाटण्या झाल्या किंवा कुळवृत्तान्ताचे काम निघाले की ती बाहेर येतात. मोडी जाणणाऱ्या कोणाकडून तरी त्यांचा सारांश काढून घेतला जातो, आणि ‘आपल्या पूर्वजांना अमुक सरकारातून इनाम मिळाले’ एवढे एक वाक्य घरात शिल्लक राहून कागद पुन्हा बांधले जातात. त्या वाक्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे तपासण्याचा कोणताच मार्ग पुढच्या माणसाजवळ उरत नाही. संपादन करायचे ते हा मार्ग मोकळा राहावा म्हणून. कागदात काय आहे, ते कसे वाचले, शंका कोठे राहिली आणि संपादकाने स्वतःचे काय घातले, हे सारे वाचणाऱ्याला वेगवेगळे दिसेल अशा रीतीने मजकूर मांडावा लागतो. हे काम घरच्या घरी कसे करावे ते येथे सांगितले आहे, आणि त्यामागचा विचार कोठून आला तेही सांगितले आहे, कारण विचार कळला नाही तर त्याचे नियम नुसते जाच वाटतात.

ही शिस्त कोठून आली

आधीच्या जाणत्याने सांगितले ते पुढच्याने मान्य करावे आणि त्यात भर घालावी, ही इतिहासलेखनाची रीत युरोपात शतकानुशतके होती आणि आपल्या बखरींतही होती. तिला धक्का बसला तो जुन्या कागदांच्या तपासणीमुळे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेकडील सत्ता दिल्याचे एक दानपत्र प्रमाण मानले जात होते. इटलीतील लोरेन्झो वाल्ला याने १४४० मध्ये त्यातील लॅटिन भाषा त्या सम्राटाच्या काळची असूच शकत नाही हे दाखवून ते बनावट ठरवले. पुढे जुन्या मठांच्या सनदांवर शंका घेतली जाऊ लागली, तेव्हा झाँ माबियों या फ्रेंच संन्याशाने १६८१ मध्ये अक्षरवळण, लेखनसाहित्य, मायना, शिक्का आणि कालनिर्देश यांवरून सनद पारखण्याचे शास्त्र ग्रंथरूपाने मांडले. १८१९ मध्ये जर्मनीत फ्रायहेर फोम श्टाइन याच्या पुढाकाराने ‘मोन्युमेन्टा जर्मानिए हिस्टोरिका’ ही संस्था निघाली आणि १८२६ पासून तिने मध्ययुगीन साधनांचे चिकित्सक खंड छापायला आरंभ केला. याच सुमारास लेओपोल्ड फोन रांके याने आपल्या १८२४ च्या पहिल्या ग्रंथाला जोड म्हणून पूर्वीच्या इतिहासकारांची छाननी केली आणि त्यांच्यात स्वतः पाहून लिहिणारा कोण आणि दुसऱ्याचे उतरवून घेणारा कोण, हे तपासले. एखादी गोष्ट खरी आहे काय, या प्रश्नाच्या आधी ती आपल्याला कोणामुळे, किती हातांतून आणि कोणत्या हेतूने कळली हा प्रश्न विचारण्याची सवय या संपादकांच्या कामातून पडली. आजच्या इतिहासविचाराचा पाया मी तरी तेथेच मानतो.

महाराष्ट्रात १८७८ मध्ये निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकाने बखरी आणि पत्रे छापायला सुरुवात केली. पेणजवळच्या वरसईत जन्मलेले विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. तो पानिपतच्या काळातील पत्रांचा होता, आणि पुढे या मालेचे बावीस खंड झाले. बखरींची राजवाड्यांनी कठोर तपासणी केली आणि समकालीन पत्राला त्यांच्यावरचे स्थान दिले. या बदलाचा परिणाम किती खोल होता हे एका तारखेवरून कळते. बखरींच्या आधाराने शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात धरला जात असे. लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याच्या दप्तरातील शकावली (शकवार घटनांची यादी) १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी तिथी निघाली. नंतर छापल्या गेलेल्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यानेही तिलाच दुजोरा दिला. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारायला मात्र २००१ साल उजाडले. एका देशमुख घराण्याने सांभाळलेल्या काही पानांनी एवढे घडवले, हे घरचे बासन उघडताना ध्यानात असू द्यावे.

बासन उघडताना

मृगापासून नवरात्रापर्यंत कोकणातल्या दमट हवेत जुने कागद उघडू नयेत. दिवाळीनंतरचे कोरडे महिने या कामाला योग्य. बुरशीचा वास येत असेल तर नाकातोंडावर कापड बांधावे. कागद उन्हात घालू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. कसर लागलेला किंवा घड्यांवर तुटलेला कागद बळे उलगडू नये. ते काम जतनतज्ज्ञाचे आहे.

यापेक्षा महत्त्वाची आणि हमखास दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे कागदांचा क्रम. बासन सोडल्याबरोबर ‘महत्त्वाचे’ आणि ‘किरकोळ’ असे ढीग करण्याचा मोह होतो, तो आवरावा. कागद ज्या क्रमाने बांधले होते त्याच क्रमाने त्यांना अंक द्यावेत आणि बासन कोणत्या घरात, कोणाच्या ताब्यात, कशाबरोबर होते ते लिहून ठेवावे. दप्तर ज्याच्या कामकाजातून निर्माण झाले त्याच्याच नावाखाली एकत्र राहावे, असा दंडक फ्रेंच पुराभिलेखागारांत १८४१ पासून आहे. एका वादातले कागद एकत्र बांधलेले असतील तर त्यांचे शेजार हाही पुरावा असतो, आणि ढीग केले की तो कायमचा जातो.

नंतर प्रत्येक कागदाची छायाचित्रे घ्यावीत. शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि दोन्ही बाजू घ्याव्यात. पाठीमागे पोच, शेरा, दप्तरदाराची खूण किंवा कागदाच्या जोडावरचा शिक्का सापडतो. कधी कधी समोरच्या मजकुराइतकेच ते मोलाचे असते.

लिप्यंतर

मोडी लेखक आधी पानभर आडव्या रेघा मारतो आणि त्यांना अक्षरे लटकावत बोरू फार न उचलता लिहीत जातो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून देवनागरीत उतरवताना शब्द कोठे तोडायचा या पहिल्याच निर्णयात अर्थाची निवड होऊन जाते, आणि ती आपली आहे, कागदाची नाही, याचे भान सुटू देऊ नये.

लिप्यंतर ओळीस ओळ करावे आणि ओळींना अंक द्यावेत. मूळ लेखकाने एकच गावाचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिले असेल तर दोन्ही तसेच ठेवावे. आजच्या प्रमाणलेखनात आणू नये. शेजारी वाचकांच्या सोयीसाठी सुबोध पाठ द्यायचा असल्यास वेगळा द्यावा. फाटलेला किंवा पुसलेला भाग टिंबांनी दाखवावा, आपण अंदाजाने भरलेली अक्षरे चौकोनी कंसात घालावीत, संक्षेप उलगडला असेल तर तो गोल कंसात, आणि वाचन संशयित असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. चिन्हे कोणतीही चालतील, मात्र ती आरंभी सांगून शेवटपर्यंत पाळली पाहिजेत.

संशय उघड सांगण्यात कमीपणा नाही. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख पाहावा: त्यातील शक ९३४ असा वाचला तर तो इ. स. १०१२ चा, म्हणजे मराठीच्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांपैकी एक ठरतो. परंतु झिजलेल्या अंकांच्या या वाचनावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. दगडाचा ठसा आणि वेगवेगळी वाचने छापली गेली म्हणूनच हा वाद आजही कोणाला तपासता येतो. नुसता निष्कर्ष छापला असता तर वादच झाला नसता, आणि ज्ञानही वाढले नसते.

तारीख ठरवणे

बहुतेक घोटाळे येथे होतात, म्हणून या पायरीवर घाई करू नये. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण शक चैत्रात बदलतो, त्यामुळे पौष, माघ, फाल्गुनातला कागद इंग्रजी जानेवारी ते मार्चमध्ये पडत असेल तर ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध ८, शके १६८२ या दिवशी झाली. ७८ मिळवून १७६० येतात, आणि लढाई तर १४ जानेवारी १७६१ ची. संवत्सराचे नाव दिले असेल तर तेही ताडून पाहावे: शकात १२ मिळवून ६० ने भागावे आणि उरलेल्या अंकाइतका संवत्सर प्रभवापासून मोजावा. शके १६८२ ला बाकी १४ उरते, आणि चौदावा संवत्सर विक्रम आहे. बाकी शून्य राहिली तर साठावा, क्षय संवत्सर समजावा. कागदातला शक आणि संवत्सर जुळत नसतील तर चूक लेखकाची, नकलाकाराची की आपल्या वाचनाची, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सरकारी कागदांत सुहूर सन असतो आणि तो अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशकांत अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, आर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. पुढे मया १००, मयातैन २०० आणि अलफ १०००. हे शब्द लहान अंकापासून मोठ्याकडे येतात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० आणि १००० मिळून ११६१. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे. पानिपतचा जानेवारी याच ११६१ मध्ये येतो. ‘छ’ या अक्षरापुढे येणारा दिवस मात्र मुसलमानी चांद्रमासाचा असतो, हेही विसरू नये. राजशक असल्यास तो १६७४ च्या राज्याभिषेकापासून, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून मोजतात.

किनाऱ्यावरच्या इतिहासात आणखी एक अडचण येते. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर होते आणि त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे समुद्रावरची एकच चकमक मुंबईच्या इंग्रजी कागदांत आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत सतराव्या शतकात दहा, तर अठराव्या शतकात अकरा दिवसांच्या फरकाने दिसते, आणि बेसावध माणूस दोन चकमकी झाल्या असे लिहून मोकळा होतो. वर दिलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखसुद्धा ज्युलियन गणनेची आहे. म्हणून टीपेत मूळ कालनिर्देश जसाच्या तसा, त्याचे रूपांतर आणि गणनेचा प्रकार, असे तिन्ही द्यावेत.

अस्सल, नक्कल आणि बनावट

इनामपत्रांच्या शेवटी बहुधा आज्ञा असते की या पत्राची नक्कल दप्तरी लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी धन्याकडे परत द्यावे. कोकणातल्या एखाद्या घरात अस्सल आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात त्याची तालीक (दप्तरी नक्कल), अशी जोडी सापडण्याचे कारण हे आहे. घरातला प्रत्येक कागद अस्सल असतो असा मात्र याचा अर्थ नव्हे. पहिल्यांदा शिक्के पाहावेत: मुख्य मुद्रा कोठे आहे, मजकूर संपल्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी मर्यादेची मुद्रा आहे काय, की नकलाकाराने शिक्क्याचा केवळ मजकूर लिहून ठेवला आहे? मग कागद उजेडासमोर धरावा. गिरणीच्या कागदात जलचिन्ह दिसले आणि त्यातले वर्ष पत्राच्या तारखेनंतरचे निघाले तर आपल्या हाती अस्सल नाही हे निश्चित झाले. मायना त्या दरबाराच्या रीतीला धरून आहे काय, आणि ज्यांची नावे आली ते त्या वर्षी त्या हुद्द्यावर होते काय, हे छापील साधनांवरून ताडावे.

त्यानंतर हेतूचा विचार करावा. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला, म्हणजे इनामांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाला, अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क कागदांनिशी शाबीत करावा लागला. रत्नागिरी भागात खोत (गावाचा सारा वसूल करणारे) आणि कुळे यांच्या भांडणांना १८८० च्या खोती कायद्याने कायदेशीर चौकट मिळाली. अशा वेळी जुन्या कागदाची किंमत एकाएकी वाढते, त्याच्या नकला होतात, आणि नकला होताना कधी एखादे शेत वाढते, एखादा अधिकार आत येतो. आपल्याच घराच्या कागदाबद्दल असा संशय घेणे जड जाते. तरी घ्यावा, कारण दुसऱ्या कोणी तो आपल्यासाठी घेणार नाही.

कागद बनावट ठरला म्हणून फेकून देऊ नये. कॉन्स्टंटाइनचे ते दानपत्र चौथ्या शतकाबद्दल काही सांगत नाही. पण ते रचणाऱ्यांच्या काळात पोपच्या सत्तेला कोणत्या आधाराची निकड होती, हे ते उत्तम सांगते. तसेच १८६० च्या सुमारास रचलेले पेशवेकालीन पत्र हे १८६० च्या कोकणाचे अस्सल साधन आहे. ते त्या सालाखाली छापावे.

एकाच मजकुराच्या अनेक प्रती

बखर, माहात्म्य, वंशावळ किंवा पोथी असेल तर शेजारच्या गावांतही प्रती मिळतात. ही अडचण आपल्या परंपरेला नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींतले अपपाठ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तीत पुढे कोणी स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवण्यासारखे होईल असे बजावले. आधुनिक पद्धतीने त्यात एका गोष्टीची भर घातली: नाकारलेला पाठही छापायचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुकथनकर यांनी हेच केले. वर स्वीकारलेला पाठ आणि खाली पाठभेद. प्रतींत मिळणाऱ्या सामायिक चुकांवरून त्यांचा वंशवृक्ष काढण्याची जर्मन रीत त्यांना परिचित होती. महाभारताच्या प्रती एकमेकींत मिसळलेल्या असल्याने ती येथे तंतोतंत लागू पडत नाही, हेही त्यांनी सांगितले. ज्या प्रतींत आपसांत उसनवारी झाली आहे तेथे झाड काढण्याचा हट्ट धरू नये.

उत्तर कोकणाच्या इतिहासासाठी ‘महिकावतीची बखर’ हे मोठे उदाहरण आहे. केळवे-माहीमच्या परिसराशी निगडित असलेला हा ग्रंथ राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापला. तो सलग एका हातचा नसून त्याची सहा प्रकरणे निरनिराळ्या वेळची आहेत आणि त्यांतील केशवाचार्याचा भाग शके १३७० चा आहे, हा उलगडा झाल्यावर त्या ग्रंथाचा उपयोगच बदलला: ‘बखर म्हणते’ असे मोघम बोलणे थांबले आणि कोणते प्रकरण, कोणत्या काळचे, हे विचारणे भाग पडले. राजवाड्यांनी त्याला दीर्घ प्रस्तावना जोडली आणि कोकणातल्या वसाहतींविषयी व समाजाविषयी धाडसी अनुमाने केली. त्यांतली सगळी आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु संहिता आणि प्रस्तावना त्यांनी वेगळी ठेवल्यामुळे अनुमान नाकारूनही संहिता वापरता येते. आपल्या संपादनातही हीच भिंत पक्की असावी: अभिमान, तर्क, घराण्याची आठवण, जे काय असेल ते प्रस्तावनेत, पाठात त्यातले एक अक्षरही नको.

टीपा, आणि काय वगळू नये

टीपेत व्यक्ती, स्थळे, मापे आणि अवघड शब्द उलगडावेत आणि प्रत्येक विधानाचा आधार द्यावा. शक्य तेथे विरुद्ध बाजूचे कागद पाहावेत. कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या कागदांत चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, आहेत; मराठी पत्रांत सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. समुद्रावर परवाना कोणाचा चालावा या भांडणाचे ते दोन पक्ष आहेत, आणि एकाच बाजूचे दप्तर वाचणारा त्या पक्षाचा वकील होऊन बसतो. पणजीच्या पुराभिलेखागारात पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या राज्य मंडळाचे ठराव पाच खंडांत संपादित केले, त्यामुळे पोर्तुगीज बाजू आज निदान छापील स्वरूपात हाताशी आहे.

कोणता कागद छापायचा ही निवडही इतिहास घडवते. रत्नागिरी जिल्ह्यातील गोविलचे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० पासूनच्या काही वर्षांत काढले. हे काम प्रचंड होते. तरी निवडीत राजकारण आणि मोहिमा यांना अग्रस्थान मिळाले, आणि म्हणून कित्येक वर्षे मराठ्यांचा इतिहास म्हणजे स्वाऱ्या आणि तह असेच वाटत राहिले. जर्मनीतल्या ‘मोन्युमेन्टा’ मालेच्या बोधवाक्यातही मातृभूमीचे पवित्र प्रेम होते. देशप्रेमाने संपादकांना बळ दिले, आणि त्यानेच त्यांच्या नजरेला दिशाही लावली. किनाऱ्यावरच्या घरांत याच्या उलट प्रकारचे कागद पुष्कळ असतात: मिठागराचे हिशेब, माडांची मोजणी, गलबताचे नूर (भाडे), भाताच्या खंडी-मणांच्या नोंदी, वेठबिगारीच्या तक्रारी, कुणबिणीच्या (दासीच्या) खरेदीचे खत. हे कंटाळवाणे वा लाजिरवाणे म्हणून गाळले जातात. माझे आग्रहाचे सांगणे आहे की आधी हेच छापावेत, आणि आकडे बदलू नयेत, बेरीज मुळात चुकली असेल तर तीही तशीच ठेवून टीपेत दाखवावी. घराण्याला न शोभणारा कागद गाळायचाच असे कुटुंबीयांनी ठरवले, तर निदान त्या क्रमांकाचा कागद अप्रकाशित आहे एवढी नोंद यादीत अवश्य करावी.

काम झाल्यावर व्यक्ती आणि स्थळे यांची सूची जोडावी. सूचीशिवाय साधनग्रंथ निम्मा निरुपयोगी असतो. छायाचित्रे, लिप्यंतर आणि टीपा यांचा एक संच घरी, एक जिल्ह्यातल्या ग्रंथालयात आणि एक पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ अशा संस्थेकडे द्यावा. अस्सल घरी ठेवायचे असले तरी हे करता येते. प्रत्येक संचावर तयार केल्याचा महिना आणि वर्ष घालावे, आणि पुढे कोणी वाचनात दुरुस्ती सुचवली तर जुने वाचन न खोडता नवे वाचन, सुचवणाऱ्याचे नाव व तारीख त्याच्याखाली नोंदवून ती पुरवणी तिन्ही ठिकाणी पोहोचवावी.